चढलो ते स्टेशन

(विलेपार्ल्यातल्या एका छोट्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावाखाली 'संगीत अभ्यासक' असं छापलंय. ते मनातल्या मनात खोडून टाका. मी बँकेत होतो. तीस वर्षं काउंटरच्या आत बसलो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवली, बहुतेक वेळा वाईट. आज मी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते दुखरं गाणं, वाजवणाऱ्यांपेक्षा त्यांनी वळण बदललं की त्यांच्यावर रुसणाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहे. त्या रुसणाऱ्यांत मी स्वतः आहे, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात मात्र गिटारनं नाही, माझ्या मामापासून करतो. मामा ठाकुरद्वारला राहायचा. जयपूर-अत्रौली घराण्याचा कट्टर माणूस. मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं त्यानं समोर बसून ऐकलेलं होतं आणि ते तो दर चार दिवसांनी आम्हाला सांगायचा. किशोरीताईंची मैफल ऐकून घरी आला की कोट खुंटीला लावता लावता एकच वाक्य: "गायली छान. पण हे जयपूर नव्हे." आलापच किती लांबवते, ती मध्यलयीची बांधणी कुठं गेली, लयीचे पेच कुठं गेले! मामी विचारायची, मग पुढच्या वेळी जाऊ नका. मामा पुढच्या वेळी जायचा. त्याच्याही पुढच्या वेळी जायचा. शेवटपर्यंत कुरकुरत गेला, पण एक मैफल चुकवली नाही.

मला त्या वयात ही गंमत वाटायची. मामाच्या पश्चात कधीतरी अल्लादियाखाँसाहेबांबद्दल वाचलं. ज्या गायकीला मामा 'मूळ जयपूर' म्हणायचा, ती खाँसाहेबांनी घडवली ती त्यांचा आवाज गेल्यावर! तरुणपणी एका संस्थानात गाऊन गाऊन गळा बसला, तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही, आणि मग उरलेल्या आवाजाला झेपेल अशी नवी, वक्र, लयीत गुंतलेली गायकी त्यांनी रचली. म्हणजे त्याआधीचं त्यांचं गाणं ऐकलेला कुणी मामा तेव्हाही असणार. तोही घरी येऊन पगडी काढता काढता म्हणाला असणार, "गायले छान, पण..."

बोरिवलीहून सुटलेली स्लो गाडी पार्ल्याला येते. आपण चढतो. आपल्या लेखी गाडी पार्ल्यालाच सुरू होते. आधीपासून खिडकीत बसलेले लोक उगाच आगाऊ वाटतात. रसिकाचंही तसंच. ज्या स्टेशनावर तो चढला, ते त्याचं 'मूळ'.

आता माझं स्टेशन सांगतो. साल १९९०. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं. २०१६ साली बंद झालं, तुमच्यातल्या निम्म्यांना आठवत असेल. तिथल्या केबिनमध्ये उभं राहून विकत घेण्याआधी ऐकता यायचं. तिथं मी गॅरी मूर हा गिटारवाला पहिल्यांदा ऐकला. 'स्टिल गॉट द ब्लूज' नावाची रेकॉर्ड त्याच वर्षी आली होती. अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स हे दोन्ही बुजुर्ग तिच्यावर त्याच्याबरोबर वाजवतात. मी बाहेर आलो तो तरंगतच. मला वाटलं, हा माणूस जन्मल्यापासून ब्लूजच वाजवत असणार.

मालाडच्या ऑर्लेमला माझा एक मित्र होता, ड्रम वाजवायचा. त्याच्या खोलीत गॅरी मूरचं पोस्टर होतं, १९८७च्या रेकॉर्डचं. मी उत्साहानं कॅसेट घेऊन गेलो. त्यानं दोन गाणी ऐकली आणि बटण दाबून बंद केली. "बस कर मेन. तुझा गॅरी म्हातारा झाला." त्याचा गॅरी वेगळा होता. बेलफास्टचा पोरगा, सोळाव्या वर्षी डब्लिनला जाऊन बँडमध्ये घुसलेला, पुढं थिन लिझी या रॉक बँडमध्ये वाजवलेला, मधेच जॅझ-रॉक फ्यूजनच्या नादी लागलेला, आणि ऐंशीच्या दशकात जोरदार हार्ड रॉक वाजवणारा. रंगभवनला, धोबीतलावच्या त्या उघड्या नाट्यगृहात, आम्ही इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जायचो. तिथल्या पोरांना हवा असायचा तो हा गॅरी. त्या पोरांच्या दृष्टीनं १९९० साली त्यानं विश्वासघात केला होता. संथ वाजवतो, सूट घालतो, म्हाताऱ्यांना घेऊन बसतो! मी हसलो होतो. अगदी मनापासून, चिडवून हसलो होतो.

मग नऊ वर्षं मी सुखात. १९९२ला त्याच्या रेकॉर्डवर बी. बी. किंग आला. १९९५ला त्यानं पीटर ग्रीनची गाणी वाजवून अख्खी रेकॉर्ड त्या गुरूला वाहिली, तीही ग्रीनच्याच गिटारवर. त्या गिटारबद्दल थोडं सांगतो, माझा मोह आवरत नाही. १९५९ची गिब्सन लेस पॉल. सत्तरच्या आसपास पीटर ग्रीननं ती तरुण गॅरीला किरकोळ पैशांत देऊन टाकली. तिच्या दोन पिकअपांपैकी (पिकअप म्हणजे तारेची थरथर टिपणारी, चुंबक बसवलेली पट्टी) एकाचं चुंबक उलटं होतं. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की दोघांचे आवाज एकमेकांना काही ठिकाणी खोडून काढतात आणि उरतो एक पोकळ, नाकातला, दुखऱ्या घशासारखा सूर. म्हणजे एक बिघाडच म्हणायचा, पण लोक त्याच्या प्रेमात पडले.

१९९७ला पहिला तडा गेला. 'डार्क डेज इन पॅरडाइज'. ड्रम अँड बेस नावाच्या क्लबातल्या संगीताचे जलद ठोके, पॉपच्या वळणाची गाणी. मी स्वतःला समजावलं, एखादी रेकॉर्ड चुकते. १९९९ला 'अ डिफरंट बीट' आली. नावातच धमकी. क्लबमध्ये नाचायला लावतात तसले मशीनचे ठोके, त्यावर गिटार. जिमी हेंड्रिक्ससारख्या गिटारच्या दैवताचं एक गाणंसुद्धा त्या ठोक्यांवर बसवलेलं. मी इतका चिडलो की त्या संध्याकाळी ऑर्लेमला फोन केला. मित्र तोवर लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होता, इलेक्ट्रॉनिक पॅड वगैरे घेऊन. त्यानं ती रेकॉर्ड आधीच ऐकली होती आणि त्याला आवडली होती! "नऊ वर्षांमागं माझा गॅरी मेला तेव्हा तू हसलास," म्हणाला. "आज तुझा मेला. चल, एक बिअर पाज."

बिअर पाजली. पण राग गेला नाही, आणि मला आजही वाटतं की त्या रागात थोडं तथ्य होतं. 'कलाकाराला स्वातंत्र्य असतं' असं म्हणून विषय संपवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. स्वातंत्र्य असतंच. ते वापरून केलेली प्रत्येक गोष्ट चांगली होते असं कुठं लिहिलंय?

माझी तक्रार तांत्रिक आहे, जरा धीर धरा. ब्लूजचं आवर्तन साधारण बारा बारचं असतं. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे हिशेबानं अठ्ठेचाळीस मात्रा समजा. शब्दांच्या ओळी तीन: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गायचं दोन-सव्वादोन बारांत उरकतं. उरलेली जागा गिटारची. आपल्याकडे 'जागा घेणं' म्हणतात ना, तो शब्द इथं दोन्ही अर्थांनी लागू. गाणारा एक बोलतो, गिटार त्याला उत्तर देते, आणि उत्तर द्यायला तिला शांतता लागते.

गॅरीची खासियत होती लांब धरलेला स्वर. अॅम्प्लिफायर चढवायचा, त्याच्यापासून नेमक्या अंतरावर उभं राहायचं, मग स्पीकरमधून येणारा आवाजच तारेला पुन्हा हलवतो आणि स्वर मरत नाही. अंतर सापडेपर्यंत एक पाऊल पुढं, अर्धं मागं. मी चाळीत हा प्रयोग केला होता. अंतर सापडलं त्याच क्षणी समोरच्या खोलीतल्या काकू लाटणं घेऊन दारात उभ्या.

हा स्वर उभा राहायला आजूबाजूला मोकळं अंगण लागतं. १९९९च्या रेकॉर्डमध्ये मशीन प्रत्येक फट बुजवत जातं. गिटार तीच, हात तेच, पण स्वराला टेकायला भिंत नाही आणि थांबायला उंबरा नाही. मशीनचं गॅरीला वावडं होतं म्हणावं तर तसंही नाही. ऑर्लेमच्या भिंतीवरच्या पोस्टरची ती १९८७ची रेकॉर्ड, जिच्यासाठी माझा मित्र जीव टाकायचा, तिच्यावरही ड्रम मशीनच होतं. हे मी त्याला बरंच उशिरा सांगितलं. तो स्वतः ड्रमर! दोन मिनिटं गप्प होता.

आता एक जुनी गोष्ट, कारण या सगळ्याची आजी तीच आहे. मडी वॉटर्स. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारा माणूस. १९४१ साली लोकसंगीत गोळा करणारे त्याच्या दारात पोचले आणि साध्या लाकडी गिटारवर त्याची गाणी ध्वनिमुद्रित करून घेऊन गेले. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात लाकडी गिटार कुणाला ऐकूच जाईना, म्हणून इलेक्ट्रिक घेतली. तात्त्विक भूमिका वगैरे काही नाही, ऐकू जायला हवं एवढंच. तेच शिकागो ब्लूज. १९५८ला तो इंग्लंडला गेला. तिथल्या रसिकांनी तोवर बिग बिल ब्रून्झीसारखा लाकडी गिटार घेऊन गाणारा माणूस पाहिला होता, आणि ब्लूज म्हणजे तसंच काहीतरी शेतातलं, निरागस, अशी त्यांची समजूत. मडीनं अॅम्प्लिफायर चढवल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांना घाबरायला झालं. मडी सज्जन माणूस. १९६३ला पुन्हा गेला तेव्हा आठवणीनं लाकडी गिटार घेऊन गेला. आणि तोवर तिथली तरुण पोरं त्याच्या इलेक्ट्रिकच्या रेकॉर्ड ऐकून वेडी झालेली! त्यांनी विचारलं, ती दुसरी गिटार कुठंय?

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल आणि दर वेळी मला त्या माणसाची दया येते. गिऱ्हाईक मागेल ते दुकानात आणून ठेवावं तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत गेलेलं. पुढं १९६८ला त्याच्या कंपनीनं त्याला त्या काळच्या धुंद, फुसफुसणाऱ्या रॉकमध्ये बुडवून काढलं. समीक्षकांनी झोडपलं, आणि पुढं मडीनंही त्या रेकॉर्डवरून हात झटकले. इथं रुसलेले रसिक आणि कलाकार एकाच बाजूला उभे होते, हेही विसरू नये.

एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवाल्याचं एका वाक्यात: १९६५ला एकोणीस-वीस वर्षांच्या या पोरानं बँड सोडला तो बँड पॉप वाजवायला लागला म्हणून, आणि १९८६ला फिल कॉलिन्सला घेऊन त्यानं चकचकीत पॉप केलं तेव्हा त्याच्याच भक्तांनी त्याला त्याचा १९६५चा राजीनामा आठवून दिला. १९९४ला तो पूर्ण ब्लूजची रेकॉर्ड घेऊन परत आला. सगळे खूश. मला ती रेकॉर्ड फार आवडत नाही, पण ते जाऊ द्या.

परत येण्याचंही काही खरं नसतं. गॅरी २००१ला परतला. रेकॉर्डचं नावच 'बॅक टू द ब्लूज'. मी विकत घेतली, घरी येऊन लावली, आणि पहिल्या वीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी खूश नाहीये. सगळं होतं, तोच लांब स्वर होता. पण १९९०च्या त्या केबिनमधला मी नव्हतो. मुलगी पाळण्यात रडत होती आणि बायको म्हणत होती, आवाज कमी करा.

२०११च्या फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला. बडी गाय आला होता, चौऱ्याहत्तर वर्षांचा. हाच बडी गाय सत्तावीस वर्षांचा असताना मडी वॉटर्सच्या लाकडी गिटारवाल्या रेकॉर्डवर शेजारी बसून वाजवत होता. आणि त्याच महिन्यात, ६ तारखेला, स्पेनमधल्या हॉटेलात गॅरी मूर झोपेत गेला. अठ्ठावन्न वर्षांचा. ऑर्लेमहून फोन आला. आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. मग मित्रानं विचारलं, "तुला माहीत आहे ना, शेवटी तो काय वाजवत होता?"

मला माहीत नव्हतं. २०१० साली गॅरी पुन्हा ऐंशीच्या दशकातली रॉक गाणी घेऊन फिरत होता, आयरिश वळणाची नवी गाणीही वाजवत होता. म्हणजे मित्राचा गॅरी परत आला होता. वीस वर्षांनी. मी ब्लूज-ब्लूज करत बसलो होतो, मला पत्ताच नाही.

ग्रीनची ती गिटार तर गॅरीनं त्याआधीच, २००६ला विकली होती. आता ती मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. ब्लूजवाल्यांतल्या काहींना ते ऐकून कापरं भरतं. चुंबक अजून उलटंच आहे म्हणतात, ते बरं आहे.

माझं बोलणं झालं. येताना मी ती १९९९ची सीडी आणली आहे. गेल्या महिन्यात पंचवीस वर्षांनी लावली. जलद गाण्यांबद्दल माझं मत तसंच आहे. पण एक लांब, संथ ट्रॅक आहे, त्यात मशीन जरा बाजूला सरकतं आणि तो स्वर उभा राहतो. तेव्हा मी तिथपर्यंत ऐकलंच नव्हतं. आता लावतो. कार्यवाहसाहेब, मागचे दिवे तेवढे कमी करा. ज्यांना आवडणार नाही त्यांच्यासाठी चहा मागच्या दाराशी आहे, मनात काही न आणता उठा.