पाण्यानं आखलेलं शहर

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० साली खडकी वसवली आणि आधी हात घातला तो पाण्याला. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आलं. त्यानंतरही नहरी होत राहिल्या. बेगमपुऱ्यातला थत्ते हौद त्यातल्याच एका नहरीचा. त्या खडकीचंच आज छत्रपती संभाजीनगर झालंय. इथं माणसं निवांत कुठं टेकतात, हे पाहायचं तर या पाण्याच्या मागं जावं लागतं.

पाणचक्कीवर चला. हर्सूलकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी इथं उंच भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. अठराव्या शतकात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी पीठ पडायचं. पण खरी गंमत आहे ती हौदाच्या पोटात. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत! डोक्यावर पाणी, भोवती जाडजूड खांब आणि अंगाला लागणारा गारवा. ज्यानं मराठवाड्यातला मे महिना काढलाय, त्याला या दालनाची किंमत सांगायला नको. पर्यटक चक्कीचा फोटो काढून निघून जातात. आमच्या मते या शहरात इतक्या शहाणपणानं बांधलेली बसायची जागा दुसरी नाही.

दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग मुघल काळातली. आता तिथं कृषी विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र आहे. जवळच्या खिजरी तलावाला लोक आता सलीम अली सरोवर म्हणतात.

जुन्या शहरात बागा कमी, बाजार फार. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज. खरेदी हे निमित्त. पिशवी हातात धरून उभ्या उभ्या अर्धा तास गप्पा होतात, बाकडं कुणी मागत नाही.

क्रांती चौकाची गोष्ट रक्ताची आहे. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या घोडदळानं बंड केलं. इंग्रजांनी पकडलेल्या शिपायांना देहदंड दिला. चौकातला काळा चबुतरा त्यांची आठवण सांगतो. आज शहरातले कितीतरी मोर्चे याच चौकातून निघतात.

आणि विद्यापीठाचं प्रवेशद्वार. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, यासाठी वर्षानुवर्षं लढा चालला, माणसं मेली, घरं जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी गावोगावहून लोक या कमानीपाशी येतात. लेकरांना खांद्यावर घेऊन, निळे झेंडे घेऊन. सभा होतात, भीमगीतं होतात, पुस्तकं विकली जातात.