जखमेवर रेशीम

श्रोतेहो, नमस्कार.

जखमेपेक्षा तिचं ड्रेसिंग बदलणं जास्त दुखतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. भाजलेल्या हातावर साधं गॉज ठेवलेलं असतं. जखमेतून लस पाझरते, गॉजच्या जाळीत शिरते आणि तिथेच सुकते. दुसऱ्या दिवशी सिस्टर सलाइनचे थेंब सोडून ते भिजवतात, कडेकडेनं सोडवत आणतात. तरी मध्येच कुठेतरी ओढ बसते आणि रक्ताचे ठिपके उमटतात. गॉजबरोबर तिथे आदल्या दिवशी धरलेली कोवळी त्वचाही निघून आलेली असते. शरीरानं केलेलं काम आपल्याच हातून उपटलं जातं. आज रेशमाच्या ड्रेसिंगविषयी बोलायचं आहे, ते मुख्यतः या दुखण्यापायी.

जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरी होते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या पातळ फिल्मखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं पसरली. कारण समजायला सोपं आहे. त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून आत सरकतात. ओलसर पृष्ठभागावरून त्यांना सरळ जाता येतं, सुकलेल्या खपलीखालून मात्र वाट काढत जावं लागतं. तेव्हापासून चांगल्या ड्रेसिंगकडून अपेक्षा ठरल्या: जखम ओली राहावी पण डबडबू नये, हवा खेळावी, जंतू आत जाऊ नयेत आणि काढताना ओढ बसू नये.

या अपेक्षांना रेशीम कसं उतरतं?

शल्यचिकित्सेला रेशीम नवं नाही. रक्तवाहिन्या बांधायला रेशमी दोरा वापरावा, असं दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन सांगतो, आणि रेशमाचे टाके आजही घातले जातात. नवं आहे ते दोऱ्याच्या पलीकडचं. तुतीची पानं खाणारा रेशीमकिडा जो कोष विणतो, त्यातला सलग धागा हजार मीटरच्या आसपास भरतो. या धाग्यात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. आत फायब्रॉइन, म्हणजे खरा तंतू. वजनानं साधारण पाऊण हिस्सा. त्याच्याभोवती सेरिसिन, म्हणजे कोष चिकटवून ठेवणारा डिंक.

प्रयोगशाळेत कोष कापून आतले किडे बाहेर काढतात आणि तुकडे धुण्याच्या सोड्याच्या अगदी सौम्य द्रावणात अर्धा तास उकळतात. डिंक पाण्यात उतरतो, भांड्यात पांढऱ्याशुभ्र तंतूंचा पुंजका उरतो. तो सुकवून लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या तीव्र द्रावणात टाकला की काही तासांत विरघळून जातो. मग ते द्रावण बारीक छिद्रांच्या नळीत भरून दोन-तीन दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवतात. क्षार बाहेर झिरपतो, आत राहतं ते पाण्यात विरघळलेलं रेशीम. मला या सगळ्या प्रक्रियेत हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. जो धागा किड्यानं एकाच रूपात दिला होता, त्याला आता हवं ते रूप देता येतं. द्रावण ओतून सुकवलं की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा, गोठवून सुकवलं की स्पंज, घट्ट होऊ दिलं की जेल.

हा पापुद्रा तसाच ठेवला तर पाण्यात पुन्हा विरघळेल. म्हणून त्याला पाण्याची वाफ किंवा मिथेनॉल देतात. त्यामुळे प्रथिनाच्या साखळ्या घड्या घालून एकमेकींना घट्ट बिलगतात आणि पापुद्रा पाण्यात टिकतो. वाफ किती वेळ द्यायची यावर तो शरीरात किती दिवसांत विरघळेल हे बरंचसं ठरतं. पापुद्रा पारदर्शक असला तर आणखी एक सोय होते. आत पू होतोय का, हे ड्रेसिंग न उचलता दिसतं. मग रोज पट्टी सोडायची तरी कशाला?

माणसांवरच्या चाचण्या अजून थोड्या आहेत, पण आहेत. त्वचारोपणासाठी मांडीवरून त्वचेचा पातळ थर काढतात, तेव्हा तिथे एक नवी जखम होते आणि ती फार चुणचुणते. अशा जखमांवर रेशमाचा पापुद्रा वापरून चीनमध्ये 71 रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. बाजारातल्या दुसऱ्या ड्रेसिंगपेक्षा रेशमाखालची जखम लवकर भरली आणि त्रासही कमी झाला. मला हे आश्वासक वाटतं. पण 71 माणसांवरून सगळ्या जखमांचा निवाडा करता येत नाही.

आणि रेशीम आहे म्हणून गुण येणारच, असंही नाही. त्याच 2017 साली ब्रिटनमधल्या एका चाचणीचा निकाल आला. एक्झिमा, म्हणजे इसब, असलेल्या 300 मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर खास रेशमी कपडे दिले होते. त्या कपड्यांनी एक्झिमात वेगळा फरक पडला नाही. कातडीला लागून असलेलं रेशमी कापड आणि जखमेसाठी घडवलेलं फायब्रॉइन, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एक विनंती अगदी कळकळीनं करते. घरातल्या रेशमी कापडाचा तुकडा जखमेवर बांधू नका. त्यात रंग असतो, धुलाईची रसायनं असतात आणि ते निर्जंतुक नसतं. रेशमाची काही जणांना ॲलर्जीही असते. ती असेल तर तयार ड्रेसिंग लावण्याआधीही डॉक्टरांना सांगा.

वरवरचं भाजणं, खरचटणं, त्वचा काढलेली जागा अशा ठिकाणी या पापुद्र्याचा उपयोग जास्त दिसतो. खोल भाजलेलं असेल तर त्वचारोपणाला पर्याय नाही. पू झालेली जखम आधी साफ व्हायला हवी. ती नुसती झाकली तर बिघडते. मधुमेहात तळव्याला पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा घरचे लोक नव्या नव्या पट्ट्या शोधत राहतात. त्यांची तगमग मला कळते. पण तिथे जखमेवरचा भार काढणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं आणि साखर ताब्यात आणणं ही कामं आधीची. पट्टी कुठली, हा प्रश्न त्यानंतरचा.

नमस्कार.