गाडी तीच, बिल वेगळं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी आपली मुलं गाडी सर्व्हिसिंगला टाकून आली की फोनवर बिलाचा आकडा सांगतात. आपण तो लगेच रुपयांत करून बघतो आणि डोळे पांढरे होतात. निष्कर्ष ठरलेला: तिकडे लुटतात. आज मी त्या बिलाची वकिली करणार आहे. पूर्ण नाही, अर्धीमुर्धी.

बिलात काय असतं? ऑइल, फिल्टर, कधी ब्रेक पॅड. या वस्तू कंटेनरमधून जगभर फिरतात, त्यामुळे त्यांच्या किमतीत देशोदेशी फरक पडला तरी तो दहा-वीस पटींचा नसतो. तेवढा फरक दिसतो तो ‘लेबर’ या ओळीत. अमेरिकेत अनेक वर्कशॉपचा दर ताशी शंभर डॉलरच्या वर असतो. आपल्याकडे छोट्या गाडीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगचं अख्खं लेबर काहीशे ते दीड-दोन हजार रुपयांत आटोपतं.

मग तिकडचा मेकॅनिक जास्त हुशार असतो का? मुळीच नाही. मग दर एवढा का? याचं उत्तर 1964 साली बेला बालासा आणि पॉल सॅम्युअलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात औषधांच्या बलाढ्य कंपन्या आहेत. त्यांचा माल जगभर विकला जातो, माणशी उत्पन्न मोठं, म्हणून पगारही मोठे. त्याच शहरातल्या गॅरेजमालकाला कामाला पोरगा हवा असेल, तर त्यालाही हात सैल सोडावाच लागतो. नाहीतर तो पोरगा गॅरेजमध्ये हात काळे कशाला करील? इचलकरंजीचा मेस्त्री तोच पाना तितक्याच सफाईने फिरवतो, पण त्याच्या आसपासचे पगार वेगळे. न्हावी, प्लंबर, शिकवणीचे मास्तर, सगळ्यांचं असंच. ज्यांचं काम जहाजात भरून पाठवता येत नाही, त्यांचा दर गावच्या कमाईवर ठरतो.

जागतिक बँकेची मोजणीही हेच सांगते. 2017 साली बाजारात डॉलरला सुमारे 65 रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं, तेवढं भारतात सरासरी 20 रुपये 65 पैशांत येत होतं. सरासरी म्हटलं, कारण मोबाइल घ्यायला गेलात तर ही स्वस्ताई कुठेच सापडणार नाही.

मेकॅनिकच्या वेळेची किंमत बदलली की कामाची पद्धतही बदलते. आपल्याकडे अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारा भाग, बिघडला की ऑटो इलेक्ट्रिशियन तो खोलतो, कार्बन बदलतो, बेअरिंग टाकतो, गरज पडली तर वाइंडिंगही करतो. दरवाज्याला पोचा आला तर डेंटर तो ठोकून सरळ करतो. ताशी शंभर डॉलर मोजायचे तर एवढी खटपट परवडेल कशी? तिथे आख्खा अल्टरनेटर बदलतात. कित्येकजण ऑइल घरीच बदलतात, हौसेपेक्षा हिशेबापायी.

आता उरलेली अर्धी बाजू. सगळाच फरक पगाराचा नसतो. मूळ कंपनीचे पार्ट्स फक्त कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला मिळत असतील, तर किंमत कंपनी सांगेल तीच. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याचसाठी. अस्सल पार्ट्स आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका होता. पुढे अपिलं झाली. अमेरिकेत 1975 च्या कायद्यामुळे, बाहेर सर्व्हिसिंग केलं एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडे त्या भीतीपोटी कितीजण मुकाट्याने बिल भरतात!

कराचं मी फार बोलणार नाही. ब्रिटनमध्ये व्हॅट 20 टक्के, आपल्याकडे दुरुस्तीच्या मजुरीवर जीएसटी 18 टक्के. फरक किरकोळ.

जपानची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तिथे नव्या गाडीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी असते. सोबत वजनावरचा कर आणि विमा. तेरा वर्षं उलटली की तो कर वाढतो. त्यात महागडी मजुरी. मग चांगली चालती गाडीही मालक काढून टाकतो, आणि ती जहाजाने मोंबासा बंदरात उतरते. केनियात आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या गाड्या आणता येतात, स्टिअरिंगही उजवीकडेच लागतं. जपानी मेकॅनिकला जी दुरुस्ती परवडेनाशी झाली, ती नैरोबीतला मेकॅनिक करतो आणि गाडी पुढे कित्येक वर्षं पळते. आपल्याकडे त्या येत नाहीत. तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करायला आपला नियम आडवा येतो, आणि शुल्कही जबर आहे.

नमस्कार.