तान्ह्या बाळाला घेऊन कोकणात जाताय? समुद्राआधी खोली बघा

नमस्कार. आमची लेक आठ महिन्यांची होती तेव्हा तिला घेऊन आम्ही तीन रात्री गुहागरला राहिलो. तेव्हापासून ओळखीतल्या आया विचारतात, एवढ्याशा बाळाला घेऊन समुद्रावर जाऊ का गं? खुशाल जा. फक्त रिसॉर्ट ठरवताना समुद्र किती पावलांवर आहे हे नंतर विचारा. बाळाचा बहुतेक दिवस खोलीतच जाणार आहे, म्हणून आधी खोलीची चौकशी करा.

फोनवर नुसतं "बॅकअप आहे का?" असं विचारू नका. आम्ही तेवढंच विचारलं, ते "आहे" म्हणाले. रात्री दोन वाजता लाइट गेली तेव्हा कळलं की इन्व्हर्टरवर फक्त एक दिवा चालतो. पंखासुद्धा बंद. कोकणातली ती दमट हवा, झबलं पाठीला चिकटलेलं, लेक रडून लाल झालेली. पहाटेपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने दुपट्याने वारा घालत बसलो. म्हणून नेमकं विचारा: लाइट गेली तर पंखा चालतो का? जनरेटर असेल तर रात्री तो सुरू करायला माणूस असतो का? गरम पाणी किती वाजता येतं? आणि खोली तळमजल्यावरचीच मागा.

खोलीत शिरलात की पलंग बघा. रिसॉर्टचा पलंग उंच आणि गादी मऊ असते. पालथं पडणारं बाळ त्यावरून कधी गडगडेल सांगता येत नाही, आणि मऊ गादीत किंवा उशीत त्याचं तोंड रुतलं तर श्वास कोंडतो. आम्ही घरून सतरंजी आणि एक पातळ गोधडी नेली होती. (हातात गोधडी) ही बघा, एवढीच. खाली सपाट अंथरायची, बाळाला उताणं झोपवायचं, उशी नाही, वरून छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. बंद खोलीत कॉइल लावू नका, तो धूर बाळाच्या छातीत जातो.

आता खाणं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर प्रश्नच नाही. त्याला आईचंच दूध, कितीही उकडत असलं तरी वरचं पाणी नाही, फक्त जास्त वेळा पाजायचं. वरचं दूध असेल तर किटली घरून न्या आणि पाणी स्वतः उकळा. सहा महिन्यांपुढच्या बाळाचं मात्र कोकणात फार छान होतं. स्वयंपाकघरातल्या काकूंनी मला आपणहून विचारलं, "ताई, उकड्या तांदळाची पेज देऊ काय तिला?" मी म्हटलं, मीठ घालायच्या आधी काढून ठेवा. वर्षाच्या आत मीठ नको, मधही नको. काकूंनी शीत बोटांत चिरडून दाखवलं, अगदी लोण्यासारखं मऊ. तीन दिवस लेक दोन्ही वेळा वाटीभर जेवली!

जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा. गावात नसेल तर चिपळूण गाठावं लागेल, म्हणजे साधारण 45 किलोमीटर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तर सकाळची वाट बघू नका. लघवी कमी झाली, डायपर कोरडे राहायला लागले, तरी दाखवा. ॲम्ब्युलन्ससाठी 108.

आणि समुद्र. सकाळी नऊच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, ओहोटी असताना. ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, म्हणून वेळ तिथल्याच माणसाला विचारा. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन नको, त्यापेक्षा सुरूच्या बनाची सावली बरी. आम्ही लेकीला ओल्या वाळूवर उभं धरलं. लाटेचं उरलंसुरलं पाणी पायाखालून गेलं, तशी तिने बोटं आवळली आणि माझ्याकडे बघितलं. पाच मिनिटं, बास. पुढची मूठभर वाळू तोंडातच जाणार होती.

परत आल्यावर आधी डायपर काढा. जांघेत, मानेच्या वळ्यांत, बोटांच्या बेचक्यांत वाळू राहते. ती पुसायची नाही, घासली की कातडी सोलवटते. कोमट पाण्याची धार धरायची, मऊ पंचाने टिपून घ्यायचं आणि दहा मिनिटं तसंच उघडं खेळू द्यायचं.