पियानो कुणाचा, बोटं कुणाची?

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या टॉम विगिन्स या पियानोवादकाची गोष्ट पियानोपासून सुरू करायची पद्धत आहे. मी खरेदीपासून करतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८४९ साली एका गुलाम जोडप्याच्या पोटी टॉम जन्मला, जन्मतः आंधळा. पुढच्याच वर्षी कोलंबस गावच्या जेम्स बेथ्यूनने त्याच्या आईबापांना विकत घेतलं. आंधळं पोरही त्या सौद्यात आलं.

बेथ्यूनच्या घरी पियानो होता. चार वर्षांचा टॉम ऐकलेलं जसंच्या तसं वाजवू लागला. आपण अशा मुलाला एकपाठी म्हणतो. त्याला कोंबड्याची बांग, आगगाडीचा खडखडाट, पुढाऱ्याचं भाषण, सगळं सारखंच पाठ व्हायचं. स्वतःला काय हवंय ते मात्र धड सांगता यायचं नाही. 'पाऊस-वादळ' ही त्याची रचना पाचव्या वर्षातली मानतात.

आठव्या वर्षी जाहीर कार्यक्रम झाला. मग बेथ्यूनने त्याला पेरी ऑलिव्हर नावाच्या कार्यक्रम-ठेकेदाराकडे भाड्याने दिलं. हो, भाड्याने, गाडीघोडा देतात तसं. १८६० साली राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये तो वाजवून आला. त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या एका रचनेचं नाव 'ऑलिव्हर गॅलप'. रचना पोराची, नाव ठेकेदाराचं!

लोक काय बघायला यायचे? एका हाताने एक धून, दुसऱ्या हाताने दुसरी आणि तोंडाने तिसरं गाणं. पियानोकडे पाठ करून वाजवणं. म्हणजे जत्रेतले खेळच. वर वर्तमानपत्रं म्हणायची, हा नुसता पोपट आहे. मला राग येतो तो इथे. कारण त्याच कार्यक्रमात आणखी एक कसोटी असायची. प्रेक्षकांतला कुणी वादक टॉमने कधीच न ऐकलेली चीज वरच्या स्वरांत वाजवायचा आणि टॉम शेजारी बसून खालच्या स्वरांची साथ त्याच क्षणी करायचा. आता सांगा, जे अजून ऐकलंच नाही त्याची नक्कल कशी करणार? पुढचा स्वर कुठे जाणार हे कळल्याशिवाय अशी साथ होत नाही. पोपटाला बंदिशीची चाल कळत नसते.

मग अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांचं यादवी युद्ध झालं. १८६५ साली दक्षिणेतली गुलामगिरी संपली. टॉम सोळा वर्षांचा. तोवर बेथ्यूनने आईबापांकडून करार करून घेतला होता, मालकाचा आता पालक झाला होता. टॅब्स ग्रॉस नावाच्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाने टॉमवर हक्क सांगितला, सिनसिनाटीच्या न्यायालयात खटला चालला. बेथ्यून जिंकला आणि पुढच्या वर्षी टॉमला घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाला.