टाळेबंदी उठवताना: सोलापूरच्या पूर्व भागातून, विडी-यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतून पाहिलं तर

नमस्कार मंडळी. कोरोनाचा काळ मागे पडला, आता त्यावर काय बोलायचं, असं अनेकांना वाटतं. मला उलट वाटतं. त्या वेळी रोज संध्याकाळी नव्या रुग्णांचे आकडे यायचे, रोज कुणाच्या तरी घरची वाईट बातमी यायची. अशा वेळी 'बाजार उघडा' म्हणणारा निर्दय ठरायचा आणि 'थांबा' म्हणणारा भरल्या पोटाचा ठरायचा. नीट वाद झालाच नाही. तो आज घालू.

आधी तारखा पाहा. देश बंद झाला २५ मार्च २०२० ला. सोलापुरात पहिला रुग्ण सापडला १२ एप्रिलला. म्हणजे १८ दिवस आपण एकही ज्ञात रुग्ण नसताना घरात बसलो. जूनमध्ये राज्यानं 'पुनश्च हरिओम' म्हणत दारं उघडली, तेव्हा इथली साथ चढत होती. मुंबई-दिल्लीच्या घड्याळावर आपण बंद झालो आणि त्याच घड्याळावर उघडलो. परिणाम तुम्हाला माहीत आहे: १६ जुलैच्या मध्यरात्रीपासून २६ जुलैपर्यंत शहर पुन्हा बंद.

त्या जूनमधल्या पायऱ्या ३, ५ आणि ८ तारखेला आल्या. हे मला आजही खटकतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला त्या वेळच्या विषाणूला सरासरी पाच दिवस लागत, कधी चौदा. मग तपासणी, अहवाल, दवाखाना. आज उघडलेल्या दाराचा परिणाम कळायला दोन आठवडे हवेत. आपण पाच दिवसांत तीन पायऱ्या चढलो. रुग्ण वाढले तेव्हा ते कुठल्या पायरीमुळे वाढले, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून मग सगळंच बंद करावं लागलं.

आता बाजार. नवी पेठेतल्या व्यापाऱ्यांना पी-१, पी-२ आठवत असेल. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, समोरची उद्या, तीही ९ ते ५. दुकानं निम्मी झाली, पण गिऱ्हाईक निम्मं झालं का? पाऊस तोंडावर, घरात सामान हवं. तीच माणसं कमी दुकानांत आणि कमी तासांत आली. गर्दी दाटली. रात्री नऊपर्यंत सगळी दुकानं उघडी ठेवून आत एका वेळी चार-पाच जणच घ्यायचे, असा नियम केला असता तर दुकानदाराचं आणि गिऱ्हाइकाचं, दोघांचंही भलं झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

सगळा वाद 'काय उघडायचं' या यादीवर अडकला होता. अत्यावश्यक कोण, बिगर-अत्यावश्यक कोण. रोग यादी वाचत नाही. एका खोलीत किती माणसं, किती वेळ, हवा खेळती आहे का, एवढंच त्याला कळतं.

आपली विडी घ्या. हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. पान भिजवणं, कापणं, तंबाखू भरून सूत बांधणं, हे सारं आपापल्या उंबऱ्याच्या आत. या कामात लागण पसरण्याचं कारण फार थोडं. धोका आहे तो कारखान्याच्या ब्रँचवर. ठरलेल्या वेळी साऱ्या जणी वळलेला माल घेऊन येतात, मोजणी होते, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) निघते, दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू मिळतं. खोली लहान, रांग खेटून. आपण संपूर्ण धंदा बंद ठेवला, खरं तर त्या एका तासाचं काहीतरी करायला हवं होतं. घरोघरी जाऊन पानं द्यावीत आणि विड्या गोळा कराव्यात, हा मार्ग पुढे आला आणि त्यावर इथे जोरात वाद झाला. कारखानदार म्हणाले, एवढ्या दारांत वजन-मोजणी करायला माणसं कुठून आणू? बायांची भीती वेगळी. विड्या आपल्या डोळ्यांसमोर मोजल्या नाहीत तर छाट जास्त निघेल, आणि तो पैसा आपल्याच मजुरीतून जाईल. ही शंका रास्त होती. मला तिसरा मार्ग बरा वाटतो: गल्लीवार वेळा ठरवून देणं आणि मोजणी खोलीबाहेर, उघड्यावर, मांडव घालून करणं. मांडवाला किती खर्च येतो, हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगायला नको.

यंत्रमागाचं गणित वेगळं आहे. कागदावर तिथे अंतर आपोआप राहतं, एकेक कामगार अनेक माग सांभाळतो. पण शेडमध्ये उभं राहून पाहा. खडखडाट इतका की समोरच्याच्या कानाशी जाऊन ओरडल्याशिवाय बोलणंच होत नाही. जवळून मोठ्यानं बोलणं हीच हवेतून लागण पसरण्याची सर्वांत सोपी वाट. त्यात कापसाच्या तंतूंनी कोंदलेली हवा, तोंडावर मास्क आणि सोलापूरचं ऊन. तपासणीला आलेली माणसं सॅनिटायझरची बाटली, ताप मोजायचं यंत्र आणि रजिस्टर बघून जात. वारा बाहेर फेकणारा पंखा आहे का, खिडकी उघडते का, हे २०२० मध्ये फारसं कुणी विचारलं नाही. पृष्ठभागापेक्षा हवा महत्त्वाची, हे जगभरच्या आरोग्य यंत्रणांनाही उशिरा पटलं. तेव्हा एकट्या सोलापूरला दोष देत नाही. पण आता आपल्याला ठाऊक आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं, मजुरी. पूर्व भागात एका घरात सहा-सात माणसं, एक खोली. त्यातल्या एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला की साऱ्या घराचं काम चौदा दिवस बंद. हाताशी काय? जनधन खात्यात बाईला महिना ५०० रुपये, तेही तीनच महिने. रेशनवर माणशी ५ किलो धान्य. घरभाडं, बचत गटाचा हप्ता, दूध, गॅस यांचं काय? अशा घरातला माणूस अंगात ताप असून तपासणीला जाणार नाही. तो गोळी घेईल आणि मागावर उभा राहील. पहिल्या लाटेत आपल्या शहरात मृत्यूचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त होतं आणि बरेच रुग्ण उशिरा दवाखान्यात पोचले होते. या दोन गोष्टींमागे मजुरी बुडण्याची भीती मोठी होती, असं मी मानतो. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, पण ते कार्ड किती यंत्रमाग कामगारांच्या खिशात आहे? विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी विडीवर वेगळा उपकर होता. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, तोही रद्द झाला. म्हणजे साथ आली तेव्हा या बायांच्या नावाचा तो पैशाचा झरा आटून तीन वर्षं झाली होती. चौदा दिवसांची मजुरी हमखास मिळाली असती तर लोक स्वतःहून तपासणीला आले असते. ती मजुरी मी दयेपोटी मागत नाही. माझ्या लेखी तो लसीइतकाच आरोग्याचा खर्च आहे.

जून २०२१ मध्ये राज्यानं पाच स्तर केले. शंभर तपासण्यांत किती पॉझिटिव्ह आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या, यावर काय उघडेल ते ठरलं. पॉझिटिव्ह पाच टक्क्यांच्या आत आणि भरलेल्या खाटा पावाहून कमी असतील तर पहिला स्तर. नियम आधी जाहीर झाला, ही मोठी प्रगती होती. पण स्वतंत्र घटक ठरण्यासाठी शहराची लोकसंख्या १० लाखांवर हवी होती. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८. थोडक्यात हुकलं. म्हणजे नुसत्या या नियमानं पाहिलं तर शहरातल्या अशोक चौकातलं दुकान कधी उघडायचं, हे जिल्ह्यातल्या माळशिरस आणि पंढरपूरच्या रुग्णांवर ठरणार! शिवाय तो टक्का तपासणीला कोण येतं यावर अवलंबून. मजुरी बुडेल म्हणून ज्यांनी तपासणी टाळली, ते त्यात दिसतच नाहीत.

शाळांबद्दल एकच सांगतो. हॉटेलं ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली, मंदिरं १६ नोव्हेंबरला, नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरनंतर. लहान मुलं तर त्याच्याही मागे. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या ज्या पोरांच्या घरी मोबाईल एकच आणि तो बापाच्या खिशात, त्यांचं काय गेलं, याचा हिशोब या क्रमात कुणी धरला नव्हता.

आता काय करता येईल? महापालिकेनं प्रत्येक विडी ब्रँच, प्रत्येक माग शेड, प्रत्येक शिवणकामाचा कारखाना यांची नोंद आजच करून ठेवावी. खोलीचं माप, खिडक्या, पंखे, पाळी बदलण्याची वेळ. आपल्या महाविद्यालयांतली मुलं टेप घेऊन हे काम करू शकतात. आजारपणातल्या मजुरीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवं, भले पहिल्या वर्षी त्यात रक्कम थोडी असो. आणि नोंदीच्या त्या कागदावर कुठल्या ब्रँचसमोर किती वाजता किती बाया जमतात, हा रकाना भरायला त्याच बायांपैकी दोघींना मानधन देऊन घ्यावं.