एक मृत्यू, दोन चित्रपट

1 जुलै 1976 रोजी पश्चिम जर्मनीतील क्लिंगेनबर्ग या गावी ॲनेलिझे मिशेल ही 23 वर्षांची विद्यार्थिनी राहत्या घरी उपासमारीने मरण पावली, तेव्हा तिचे वजन जेमतेम 30 किलो उरले होते. तिला अपस्माराचे झटके येत असत आणि त्यावर अनेक वर्षे उपचारही झाले होते. परंतु ही सैतानाची बाधा आहे, अशी कडव्या धार्मिक वळणाच्या तिच्या घरच्यांची आणि तिची स्वतःचीही खात्री पटली होती. बिशपांच्या परवानगीने दोन धर्मगुरूंनी सुमारे दहा महिन्यांत 67 वेळा बाधा उतरवण्याचा विधी केला. 1978 मध्ये न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू, अशा चौघांना निष्काळजीपणामुळे झालेल्या या मृत्यूबद्दल दोषी धरले व सहा महिन्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली.

याच घटनेवरून स्कॉट डेरिकसन यांनी 2005 मध्ये ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ हा चित्रपट केला. कथा अमेरिकेत नेताना त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात एकट्या धर्मगुरूलाच उभे केले. त्यामुळे मुलगी डोळ्यांदेखत खंगत असताना आईवडील काय करत होते, हा प्रश्न खटल्याच्या केंद्रातून आपोआप बाजूला सरकला. आजार की बाधा, हे ठरवण्याचे काम चित्रपट वरवर प्रेक्षकांवर सोपवतो. मात्र बाधेची बाजू सांगताना पडद्यावर अंधार दाटतो, चेहरे विद्रूप होतात, अंगावर काटा आणणारे आवाज येतात. आजाराची बाजू बहुतांशी साक्षीदारांच्या तोंडी राहते. एवढ्यावरच न थांबता धर्मगुरूचा बचाव करणाऱ्या वकील बाईंच्या घरीही पहाटे तीनच्या सुमारास विचित्र प्रकार घडू लागतात. न्यायालयासमोर कधीही न आलेली ही साक्ष खुद्द कॅमेऱ्याने दिलेली असते आणि तिची उलटतपासणी घेणारे कोणीच नसते.

हान्स-ख्रिस्तियान श्मिड यांचा याच घटनेवर बेतलेला 2006 सालचा ‘रेक्विएम’ हा जर्मन चित्रपट अशी साक्ष देण्याचे नाकारतो. नाव बदललेली ही नायिका जपमाळेकडे हात नेते आणि तो तिथवर पोहोचत नाही. तिला काय दिसते, काय ऐकू येते, हे आपल्याला दाखवले जात नाही. हातात धरलेला कॅमेरा तिच्या जवळ राहतो, पण तिच्या डोळ्यांनी पाहत नाही. सगळा भार नायिका साकारणाऱ्या सांड्रा ह्यूलर यांच्या अभिनयावर पडतो, आणि त्यासाठी त्यांना बर्लिन चित्रपट महोत्सवात अभिनयाचे ‘रौप्य अस्वल’ हे पारितोषिक मिळाले, ते रास्तच होते.

मात्र श्मिड तिच्या मृत्यूआधीच थांबतात आणि पुढचे केवळ अक्षरांत सांगतात. या संयमाचे कौतुक होते. तरीही न्यायालयाने ज्या उपासमारीचा जाब विचारला, ती त्यामुळे याही चित्रपटात पडद्याबाहेरच राहिली.